न निवडलेली जी.एस.

हिंगोलीच्या कॉलेजात ऑगस्ट महिना गुलालाचा असायचा. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका व्हायच्या, जिंकलेल्या जी.एस.ला, म्हणजे मंडळाच्या सरचिटणीसाला, पोरं ट्रकवर चढवायची, हलगीवाल्यांना पुढं घालायची आणि कॉलेजच्या फाटकापासून गांधी चौकापर्यंत अशी मिरवणूक काढायची, की दुकानदार गल्ल्यावरून उठून पायरीवर येऊन उभे राहायचे. नंतर कितीतरी दिवस पोरांच्या कानामागं गुलाल दिसत राहायचा.

एकोणीसशे शहात्तरच्या ऑगस्टात ट्रक आला नाही. आणीबाणी लागून वर्ष उलटून गेलं होतं. विद्यापीठाचं परिपत्रक आलं, की यापुढं निवडणुका बंद. वर्गात जो गुणांनी पहिला, तोच वर्गाचा प्रतिनिधी, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जो पहिला, तोच मंडळाचा जी.एस. प्राचार्य अमृतराव कानडे यांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर नाव लावलं: कुमारी शकुंतला नेमसिंग राठोड.

शकुंतलानं ते पोरांच्या खांद्यांवरून वाचलं. पुढच्या एकानं शेजारच्याला विचारलं, ही कोण? शेजारच्यानं मान हलवली. दोघांच्या मागं ती हातभर अंतरावर उभी होती. तिनं वह्या छातीशी धरल्या आणि तासाला जाऊन बसली. त्या दिवशी तिचं अभिनंदन केलं ते फक्त इतिहासाच्या सरांनी, तेही हजेरी घेता घेता.

तिचा तांडा कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. आजोबांच्या वेळेपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखात फिरणारी माणसं. आता कुणी जोंधळा पेरत होतं, कुणी दुसऱ्याच्या कापसात राबत होतं. नेमसिंगला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरीनं शिकावं हे त्याच्या डोक्यात कुठून शिरलं होतं देव जाणे. तांड्यातल्या म्हाताऱ्यांशी भांडून त्यानं तिला आधी नाक्यावरच्या शाळेत घातलं, मग हिंगोलीला. आई मिराबाई मात्र दर सुट्टीत तेच विचारायची, अजून किती राहिलं? शकुंतलाच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर लेकरं आली होती. ती तांड्यात गेली की त्या हसून बोलायच्या, पण चार वाक्यांनी बोलणं संपायचं आणि त्या आपापल्या चुलीकडं वळायच्या.

इकडं कॉलेजातही तेच, दुसऱ्या तऱ्हेनं. घरची बोली गोरमाटी, त्यामुळं वर्गात काही बोलायचं तर ती आधी मनातल्या मनात मराठी वाक्य जुळवून घ्यायची, आणि ते जुळेस्तोवर बोलणाऱ्यांचा विषय पुढं निघून गेलेला असायचा. मुलींनी तिला गप्प स्वभावाची ठरवून टाकलं. गावात खोली शोधली तेव्हा आडनाव सांगितलं की खोल्या आधीच गेलेल्या निघायच्या. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या पद्माबाई नर्सनं तिला आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. पद्माबाई विधवा, मुलगा औरंगाबादला नोकरीला. त्यांची ड्यूटी बहुतेक रात्रीची असायची. त्या निघायच्या तेव्हा शकुंतला स्टो पेटवायची. चांगली बाई होती, पण दोघींची गाठ पडायची ती दारातच.

तातेराव तिला भेटायला आला तो नाव लागल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी. तातेराव म्हणजे त्या वर्षीचा ठरलेला जी.एस. जवळा बाजारच्या मोठ्या घरचा, उंचापुरा, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. आदल्या वर्षी परिपत्रक उशिरा पोचलं, तोवर त्याच्या चुलत्याचा मुलगा निवडून आला होता. यंदा पाळी त्याची होती. शकुंतलाला वाटलं भांडायला आला असेल. तसं नव्हतं. ग्रंथालयाच्या पायरीवर तो तिच्यासमोर उभा राहिला आणि आवाज न चढवता बोलला.

"राठोडबाई, तुमच्यावर राग न्हाई आमचा. तुमचे मार्क तुमचे. पण तुमाला आमी निवडलं न्हाई. एवढं ध्यानात ठेवा."

तिनं उत्तर जुळवायला घेतलं, आणि जुळवता जुळवता तिच्या लक्षात आलं की त्याचं म्हणणं खरं आहे. तेवढ्यात तो निघून गेला होता.

जी.एस. झाल्यानं तिच्या वाट्याला एक लहान खोली आली. टेबल, दोन खुर्च्या आणि क्रीडा विभागाची फाटकी जाळी. बैठक बोलावली की बाकीच्या वर्गांचे प्रतिनिधी येऊन सह्या करायचे आणि उठून जायचे. त्यांनाही कुणी निवडलं नव्हतं, त्यामुळं त्यांना कुणाला जाब द्यायचा नव्हता. ती खिडकीशी बसायची. बाहेर लिंबाखाली तातेरावचा गोतावळा असायचा, आणि खरं मंडळ तेच होतं हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी त्या खोलीत बसून तिच्या मनात एक गोष्ट घोळायला लागली. ती होती फिशपाँडची.

जानेवारीत गॅदरिंग व्हायचं आणि गॅदरिंगचा शेवटचा दिवस फिशपाँडचा. कुणावर काय चेष्टा करायची ती चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची, खाली नाव घालायचं नाही. मग जी.एस. स्टेजवर उभा राहून एकेक चिठ्ठी वाचणार, ज्याच्यावर चिठ्ठी त्याला वर बोलावणार आणि चेष्टेला साजेशी वस्तू भेट देणार. कुणाला गाजर, कुणाला दुधाची बाटली, कुणाला आरसा. प्राध्यापकही सुटायचे नाहीत. कॉलेज निघालं तेव्हापासूनची ही रीत होती, आणि बाहेरगावी नोकरीला लागलेली जुनी पोरं त्या एका दिवसासाठी रजा काढून यायची.

पहिल्या वर्षी शकुंतलाही कौतुकानं जाऊन बसली होती. तिच्यावर चिठ्ठी निघाली नाही. मुलींच्या बाकांवर जवळपास प्रत्येकीचं नाव पुकारलं गेलं, लाजत-लाजत त्या वर जाऊन आल्या. हिचं नाव चेष्टेलासुद्धा कुणाला आठवलं नव्हतं. ती टाळ्या वाजवत राहिली. मग ग्यानोबाचं नाव आलं.

ग्यानोबा पद्माबाईंच्याच वस्तीतला, शकुंतलाच्या वर्गातला. ग्रंथालयात दोघं एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसायचे. पुस्तक एकच असलं तर तो अर्धा तास वाचून तिच्याकडं सरकवायचा, ती वाचून परत सरकवायची. बोलणं असं फारसं नव्हतं, पण हिंगोलीत तिचं कुणाशी काही होतं तर ते तेवढंच. त्याची आई लक्ष्मीबाई एका कचेरीत झाडलोट करायची. चिठ्ठीत लिहिलं होतं, ग्यानोबाला डिग्रीची काय घाई, आईची जागा रिकामी होतेच आहे. आणि भेट म्हणून त्याला केरसुणी दिली.

हॉल हसला. ग्यानोबानं केरसुणी घेतली, स्टेजच्या पायऱ्या उतरला, बाकांच्या मधल्या वाटेनं सरळ दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. तो परत कॉलेजात आला नाही. दोन-तीन दिवस पोरं त्यावर बोलली, मग परीक्षा आल्या.

आता तीच पेटी पुढच्या जानेवारीत शकुंतलाच्या हाती येणार होती. जी.एस. म्हणून चिठ्ठ्या तिनंच वाचायच्या होत्या.

दिवाळीनंतरच्या बैठकीत तिनं विषय काढला. रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती, म्हणून न अडखळता बोलली. प्रतिनिधींनी एकमेकांकडं पाहिलं. एक मुलगी म्हणाली, वर्षातनं एक दिवस हसतो आपण, तोही नको का? दुसरा म्हणाला, एवढी मोठी परंपरा, आपण कोण बंद करणारे? कुणी सही केली नाही. गोष्ट बाहेर गेली आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली तिच्या चालण्याची नक्कल सुरू झाली. आतापर्यंत मुली निदान वाटेत हसायच्या, त्याही थांबल्या. पाण्याच्या माठाशी ती गेली की रांग आपोआप विरळ व्हायची.

ती प्राचार्यांकडं गेली. कानडे सर सज्जन होते, पण त्या दिवसांत सगळ्याच सज्जनांना भीतीनं घेरलं होतं. तिचं ऐकून घेताना ते पेपरवेट फिरवत राहिले. ग्यानोबाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"अहो राठोड, त्यात बैठक कशाला हवी? सध्या शिस्तीचे दिवस आहेत. मी काढतो नोटीस. कोण बोलतंय बघू."

आणि त्यांनी खरंच तिच्यासमोर दोन ओळी लिहून घंटी वाजवली. ज्याच्यासाठी ती महिनाभर झुरत होती ते काम, पाणी पिऊन पेला ठेवावा इतक्या वेळात होऊन गेलं. बाहेर पडताना तिला आनंद व्हायला हवा होता. तिला आठवलं ते शाळेतलं, गुरुजी आले की गप्प होणारे आणि गुरुजी गेले की दुप्पट कालवा करणारे वर्ग.

गॅदरिंग झालं, फिशपाँड वगळून. हॉलच्या दारात काठी घेतलेला हवालदार उभा होता. प्राचार्यांनी खबरदारी म्हणून मागवला होता. बक्षीस समारंभापर्यंत बाक भरलेले होते. समारंभ संपला तशी पोरं काही न बोलता उठली आणि रांगेनं बाहेर गेली. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. मागं प्राध्यापकांची कुटुंबं, पुढच्या नाटुकल्यात काम करणारी चार-सहा जणं, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जी.एस. नाटुकलं पाहायला पोरं नव्हती तरी ते झालं. तिनं टाळ्या वाजवल्या. रिकाम्या हॉलमध्ये तिच्या एकटीच्या टाळ्या फार मोठ्यानं वाजल्या, म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले.

पद्माबाईंना तिनं दारात फिशपाँड बंद केल्याचं सांगितलं. पद्माबाई चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, बरं केलंस, पण ग्यानोबाला कळवलंस का? शकुंतलाला ते सुचलंच नव्हतं. तिनं लक्ष्मीबाईंना गाठून विचारलं. तो सिद्धेश्वरच्या धरणाकडं मामाच्या गावी होता, कालव्यावर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हाताखाली रोजंदारीला.

फेब्रुवारीत एका रविवारी ती एस.टी.नं गेली. उतरून कालव्याच्या भरावावरून बरंच चालावं लागलं. दोन्ही बाजूंना भुईमूग होता आणि पाणी सोडल्याचा वास येत होता. ग्यानोबा पाणी सोडायच्या एका दारावर वाकून चक्र फिरवत होता. तिला पाहून तो सरळ झाला, पण पुढं आला नाही. पूर्वीपेक्षा काळा पडला होता. तिनं सांगितलं, फिशपाँड बंद झालं. कायमचं. मी केलं.

त्यानं चक्र आणखी एक फेरा फिरवून सोडलं.

"सगळ्यांनी मिळून बंद केलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. कुणीच तयार नव्हतं. सरांनी नोटीस काढली."

"मंग ते बंद न्हाई झालं. दबून बसलं. आणि आता माझं नाव घेऊन दबून बसलं." त्यानं हात धोतरासारख्या नेसलेल्या टॉवेलला पुसले. "माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नका. पुन्हा सगळ्यांना केरसुणी आठवंल."

तिला फार लागलं. ती म्हणाली, "मी हसले नव्हते त्या दिवशी."

"माहीत हाये मला. तुमी एकट्या न हसून काय होतं? सगळा हॉल हसला."

तो वाईट बोलला नाही. त्यानं तिला झाडाखाली बसवलं, फडक्यातली अर्धी भाकरी दिली, परतीच्या गाडीची वेळ सांगितली. वाचायला काही पुस्तकं पाठवू का, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, इथं कुठं ठेवू. भरावावरून परत येताना तिनं दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा तो चक्रावर वाकलेला होता.

मार्चमध्ये देशात निवडणुका झाल्या, सरकार बदललं, आणि जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा वाराच वेगळा होता. विद्यापीठानं कॉलेजांकडून मतं मागवली: गुणांवर नेमणुकीची पद्धत ठेवावी की निवडणुका पुन्हा घ्याव्यात? प्राध्यापकांना नेमणूक बरी वाटत होती. वर्ष शांततेत गेलं होतं, ट्रक नाही, मारामाऱ्या नाहीत. कानडे सरांनी शकुंतलाला बोलावून घेतलं. आपल्या पद्धतीमुळं तांड्यावरची मुलगी जी.एस. होऊ शकली, यापेक्षा चांगला दाखला कोणता? तिनं आपल्या शब्दांत तसं मत द्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

तिनं नाही म्हटलं. सरांना आधी वाटलं ती लाजते आहे.

"सर, मी वर्षभर त्या खुर्चीवर बसले. माझं कुणी ऐकलं न्हाई, कारण मला कुणी पाठवलंच नव्हतं तिथं. निवडणूक असावी."

"निवडणुकीत तुम्हाला कोण मत देणार आहे, राठोड?"

ते सरांनी दुष्टपणानं विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर तिची कीव आली होती.

पण निवडणूक जाहीर झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं अर्ज भरला. लिंबाखाली हसू फुटलं. तातेराव उभा होताच. तो पुन्हा तिला भेटायला आला, आणि या वेळी तर मनापासून समजावत होता, की काहून स्वतःची फजिती करून घेऊन राहिलात, अजून अर्ज मागं घेता येतो, कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, मला जिंकायचं नाही, विचारायचंय. काय विचारायचंय, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली सभेत या.

सभा व्हरांड्यासमोरच्या मोकळ्या जागेत झाली. तातेराव वीस मिनिटं बोलला, एस.टी.च्या पासाचं, वसतिगृहाच्या पाण्याचं बोलला, चांगलं बोलला, आणि शेवटी म्हणाला की हुकूम काढून बंद केलेलं फिशपाँड पहिल्या झटक्यात सुरू करू. टाळ्यांनी कान बसले. मग शकुंतला उभी राहिली. मागून कुणी तांड्यातल्या बायकांचे पैंजण वाजल्यासारखा आवाज काढला. तिनं तो विरेपर्यंत थांबून घेतलं. या वेळी वाक्यं जुळवून आणलेली नव्हती, त्यामुळं ती अडखळली, मध्येच एक गोरमाटी शब्द आला, त्यावर हशा झाला, पण ती थांबली नाही.

"तातेराव बराबर बोलले. मागच्या साली मी तुमाला न विचारता ते बंद केलं. ती माझी चूक. आज विचारते. इथं एक पोरगं शिकत होतं. त्याला आपण स्टेजवर बोलावून काय दिलं ते तुमी पाहिलं. मी त्याचं नाव घेणार न्हाई. त्यानं घेऊ नका म्हणून सांगितलंय. तो आता येत न्हाई. ज्यांना वाटतं हे पुन्हा नको, त्यांनी मला मत द्यावं. दुसरं काही माझ्याकडं न्हाई."

ती खाली उतरली. टाळ्या पडल्या नाहीत, हुर्योही झाली नाही. सगळे उठून चालायला लागले तेव्हा तिच्या भोवती नेहमीसारखी मोकळी जागा पडली.

मतदान झालं. मोजणीच्या खोलीत उमेदवार म्हणून तिला बसता येत होतं, ती बसली. तातेरावचा गठ्ठा बघता बघता हातभर उंच झाला. तिच्या नावाची पहिली चिठ्ठी निघाली ती तिला स्वतःची वाटली. मग दुसरी निघाली. मग बराच वेळ काही नाही, आणि मग लागोपाठ चार. संपेस्तोवर तिच्या बाजूला एक गठ्ठा झाला होता. तातेरावच्या गठ्ठ्यापुढं तो काहीच नव्हता, पण मोजणाऱ्या सरांनी त्याला दोरा बांधायला घेतला, सुटा ठेवण्याइतका तो लहान नव्हता. ती हरली, चांगली सपाटून हरली. बाहेर हलग्या सुरू झाल्या, ट्रक आला, वर्षभर अडलेला गुलाल त्या दिवशी दुपटीनं उधळला गेला. तातेरावनं ट्रकवरून तिला नमस्कार केला. तिनंही केला.

त्यानंतरचे दिवस तिला विचित्र गेले. त्या गठ्ठ्यात कोण होतं? तासाला बसली की ती समोरच्या पाठमोऱ्या डोक्यांकडं बघायची. ही असेल? परवा माठाशी जिनं पेला पुढं केला ती? की शेवटच्या बाकावरचा तो, जो कुणाशीच बोलत नाही? कुणीही येऊन सांगितलं नाही. मुली पूर्वीसारख्याच चार शब्द बोलून जात होत्या. एकदा तिनं शेजारच्या मुलीला विचारायचं म्हणून तोंड उघडलं, आणि मग वेळ विचारली. घरी पद्माबाई ड्यूटीला निघून गेल्या की ती खोलीत बसून एकेक चेहरा आठवायची, आणि पूर्वी जी माणसं नुसती गर्दी होती त्यांचे आता तिला वेगवेगळे चेहरे दिसायला लागले. एकटेपण कमी झालं असं नाही. उलट, भिंतीपलीकडं कुणीतरी आहे हे कळल्यावर भिंत जास्त जाणवावी, तसं काहीसं झालं.

जानेवारीत फिशपाँड परत आलं. ती जाऊन बसली. तातेराव वाचत होता, हॉल हसत होता. एका प्राध्यापकाला छत्री मिळाली, एका जाड्या पोराला काकडी. मग तिचं नाव आलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, खुर्ची गेली म्हणून रडू नये, आणि भेट होती खेळण्यातली लाकडी खुर्ची, बोटभर उंचीची. ती वर गेली, घेतली, परत येऊन बसली. शेजारची मुलगी खुर्ची बघायला वाकली आणि म्हणाली, छान आहे गं. शकुंतलाला हसू आलं आणि तिनं खुर्ची त्या मुलीच्या तळहातावर ठेवली. तातेरावनं त्या दिवशी पेटी तळापर्यंत रिकामी केली नाही. काही चिठ्ठ्या मागच्या मागं खिशात घातल्या. त्यानं जे वाचलं त्यात कुणाच्या आईबापाचं, कुणाच्या वस्तीचं काही नव्हतं. त्यानं ते ठरवून केलं की वेळ संपली म्हणून, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

पदवीची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा तिला जवळा बाजारला जावं लागलं. नेमसिंगला बैल पाहायचा होता, आणि शिकलेली पोरगी बरोबर असली की व्यापारी नीट बोलतात असं त्याला वाटायचं. बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. नेमसिंग बैलाचे दात तपासण्यात गुंतला आणि शकुंतला सावलीला सरली, तर पलीकडं फावड्याचे दांडे निवडत ग्यानोबा उभा.

या वेळी तोच पुढं आला. त्यानं कुठूनसं निवडणुकीचं ऐकलं होतं. तुमी उभ्या होत्या म्हणे, असं म्हणाला. तिनं हरल्याचं सांगितलं, फिशपाँड पुन्हा सुरू झाल्याचंही सांगितलं. तो मान हलवत होता. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. पण तिला किती मतं पडली हे त्यानं विचारलं, आणि तिनं आकडा सांगितला, तेव्हा त्याची मान थांबली.

"एवढी?" तो म्हणाला. "कुणाची?"

"माहीत न्हाई. कुणीच सांगितलं न्हाई."

"तुमी माझ्याबद्दल बोलल्या होत्या का सभेत?"

"नाव न्हाई घेतलं. पण सगळ्यांना कळलं."

ग्यानोबा खाली बसला, तिथंच, दांड्यांच्या ढिगाशेजारी. दुकानदारानं विचारलं, घेऊन राहिला का न्हाई? त्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"मला वाटत होतं सगळा हॉल हसला," तो म्हणाला. "दोन वरसं मी तेच ऐकून राहिलो. चक्र फिरवताना, झोपताना. सगळे हसले. एकही न्हाई सुटला." मग म्हणाला, "म्हणजे ही मतं देणारे तवाबी तिथंच बसलेले असतील."

"असतील."

बाजार गजबजलेला होता, कुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. नेमसिंगनं लांबून हाक मारली; बैल पसंत पडला होता. ग्यानोबा उठला, एक दांडा उचलून त्याचा सरळपणा डोळ्याशी धरून पाहिला आणि म्हणाला, बाहेरून परीक्षेला बसता येतं म्हणतात, ते खरं का? खरं आहे, ती म्हणाली, कॉलेजात चौकशी करून तुमच्या आईजवळ निरोप ठेवते. निरोप ठेवा, पण मी बसंनच असं न्हाई, त्यानं सांगितलं.

ती बापाकडं गेली. बैलाच्या पाठीवर हात ठेवून नेमसिंग तिला काहीबाही सांगत होता, आणि ती हं हं म्हणत होती. थोड्या वेळानं तिनं वळून पाहिलं तेव्हा ग्यानोबा दांडा खांद्यावर टाकून सिद्धेश्वरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला होता. बरोबर कुणी नव्हतं. तो गाड्यांच्या कडेकडेनं, कुणाला धक्का न लावता, सावकाश चालला होता.